धागा: इतिहासाच्या तासाला भूमिका देताना – कार्डं, चिठ्ठ्या, वेळेचं गणित आणि नंतरची चर्चा

दौत

ऐतिहासिक व्यक्तींच्या भूमिका वर्गात करायच्या म्हटलं की बहुतेक वेळा दोनच प्रकार दिसतात. फेटा, तलवार, खोटी दाढी आणि पाठ केलेलं भाषण, हा एक. धड्यातले संवाद वाटून देऊन उभं केलेलं नाटुकलं, हा दुसरा. संमेलनात दोन्ही शोभतात, पण त्यातून इतिहास फारसा हाती लागत नाही, कारण बोलणाऱ्याला काहीच ठरवावं लागत नाही. शेवट त्याला आधीच ठाऊक असतो आणि वाक्यं दुसऱ्याने लिहिलेली असतात.

हा धागा तिसऱ्या प्रकारासाठी आहे. यात विद्यार्थी एका ठरावीक तारखेला उभा असतो. त्या दिवशी त्या व्यक्तीला जेवढं माहीत होतं तेवढंच त्याला माहीत. तिला जे हवं होतं ते त्याने मिळवायचं, आणि समोरच्यांना भलतंच काही हवं आहे. संवाद कोणीही लिहून देत नाही. बर्नार्ड कॉलेजमध्ये मार्क कार्न्स यांनी १९९० च्या दशकात या तत्त्वावर कित्येक आठवडे चालणारे खेळ उभे केले. शाळेत तेवढा वेळ मिळणार नाही, पण चाळीस मिनिटांच्या चार तासिकांत हे नीट बसतं.

निम्मं यश प्रसंगाच्या निवडीवर ठरतं. निर्णय त्या दिवशी खरोखर अधांतरी असला पाहिजे, निदान तीन बाजू असल्या पाहिजेत, आणि तो बोलून किंवा मतदानाने लागलेला असला पाहिजे. लढाई हा सर्वांत वाईट प्रसंग. पाच मिनिटांत बाकं सरकतात आणि पट्ट्यांच्या तलवारी होतात. लढाईआधीची मसलत किंवा नंतरचा तह घ्या. १६६५ चा पुरंदरचा तह, मे १७८९ मधली फ्रान्सची इस्टेट्स-जनरल (धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक या तीन वर्गांच्या, म्हणजे इस्टेटांच्या प्रतिनिधींची सभा), १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढच्या साक्षी, डिसेंबर १९४६ ची संविधान सभा, ऑक्टोबर १९६२ चा क्युबा पेचप्रसंग, हे सगळे चालतात.

वेळेची वाटणी अशी. पहिल्या तासिकेत पंधरा मिनिटं पार्श्वभूमी आणि उरलेल्या वेळात गटात बसून कार्ड वाचणं. दुसऱ्या तासिकेत पंधरा मिनिटं गटागटांत खासगी बोलणी, वीस मिनिटं खुली बैठक, शेवटची पाच मिनिटं नोंदींना. तिसऱ्या तासिकेच्या सुरुवातीला एखादी नवी बातमी येते, मग शेवटची बैठक आणि सही किंवा मतदान. चौथी तासिका पूर्ण चर्चेची. वेळ कमी पडला की हीच तासिका कापली जाते आणि तिथेच सगळं फुकट जातं. तीनच तासिका मिळत असतील तर दोन्ही बैठका एका तासिकेत उरका, चर्चेला हात लावू नका.

---

तिसरा_बाक

छान विषय. दोन अडचणी सांगा. पट साठचा असेल तर उरलेल्यांनी काय करायचं? आठ जण बोलतात आणि बावन्न जण बघत बसतात, असंच होतं. आणि कार्डावर नेमकं काय लिहायचं? चरित्राचा उतारा दिला तर मुलं तो मोठ्याने वाचून दाखवतात.

---

दौत

भूमिका एकट्याला देऊ नका, चौघांना मिळून द्या. एक बोलणारा, एक सल्लागार, एक पुरावे सांभाळणारा, एक चिटणीस. बोलणाऱ्याला अडलं की सल्लागार चिठ्ठी सरकवतो. पुरावेवाल्याकडे मूळ कागदांचे उतारे असतात, तो तेवढेच वाचून दाखवू शकतो. दर दहा मिनिटांनी घंटी वाजली की चौघांची कामं बदलतात, त्यामुळे बोलकं मूल पूर्ण वेळ बोलत नाही आणि गप्प मुलालाही पाळी येते. सात भूमिकांना अठ्ठावीस जण लागतात. साठच्या वर्गात दोन बैठका समांतर चालवा, एक पुढच्या अर्ध्यात आणि एक मागच्या. उरलेले चार जण दोन्हीकडे हिंडून बातमीपत्र लिहितात. दोन बैठकांचा निकाल जवळजवळ नेहमीच वेगळा लागतो आणि चर्चेला तेच सर्वांत चांगलं खाद्य मिळतं.

कार्ड दीडशे ते पावणेदोनशे शब्दांचं असावं. त्याहून मोठं झालं की वाचलं जात नाही. ते 'तुम्ही' म्हणून लिहा. नमुना म्हणून जयसिंहांचं कार्ड देतो:

> मिर्झाराजे जयसिंह, वय ५३. जून १६६५, पुरंदरच्या पायथ्याची छावणी.
>
> तुम्ही आमेरचे राजे आणि बादशहाचे जुने, मुरलेले सेनापती आहात. वज्रगड एप्रिलमध्येच तुमच्या हाती आला. तिथून तुमच्या तोफा पुरंदरच्या माचीवर मारा करत आहेत. मुरारबाजी देशपांडे लढताना पडले, तरी किल्ला अजून झुंजतो आहे. पाऊस तोंडावर आला आहे.
>
> सगळ्यांसमोर मागायचं: शिवाजीराजांनी किल्ले द्यावेत आणि बादशाही चाकरी मान्य करावी.
>
> मनात ठेवायचं: तुमची पुढची मोहीम विजापूरवर आहे. शिवाजीराजे विजापूरला मिळाले तर दोन आघाड्या उघडतील. त्यांना पुरतं चिरडण्यापेक्षा आपल्या बाजूला बांधून घेणं तुम्हाला जास्त सोयीचं.
>
> अडचण: तुमच्याच फौजेतल्या दिलेरखानाला किल्ला लढून घ्यायचा आहे. तह झाला तर त्याचं श्रेय जातं. बादशहाची मंजुरी दुरून यायची आहे, तुम्ही फक्त शिफारस करू शकता.
>
> सोडता येणार नाही: पुरंदर.
> घासाघीस करता येईल: किल्ल्यांची संख्या, शिवाजीराजांनी स्वतः दरबारी चाकरी करायची की त्यांच्या वतीने दुसऱ्याने.

यातली 'मनात ठेवायचं' ही ओळ सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर सगळे आपापली मागणी ओरडत राहतात आणि बोलणी पुढे सरकत नाहीत. शिक्षकाच्या प्रतीवर एक जास्तीचा रकाना असतो, 'पुढे काय झालं'. १६६६ ची आग्र्याची भेट आणि सुटका, १६७० मध्ये कोंढाणा परत घेणं, हे सगळं त्यात. तो मुलांच्या कार्डावर कधीही छापू नका.

याच प्रसंगात किल्ल्यांच्या चिठ्ठ्या करा. एकूण पस्तीस. पंधरा-वीस चिठ्ठ्यांवर नावं पुरतात: राजगड, तोरणा, रायगड, पुरंदर, कोंढाणा, लोहगड, विसापूर, माहुली, कर्नाळा वगैरे. बाकीच्या कोऱ्या ठेवल्या तरी बिघडत नाही. जमिनीवर खडूने सह्याद्रीची रेघ आणि किनारा काढून चिठ्ठ्या अंदाजे जागेवर मांडा. शिवाजीराजांच्या गटाने कोणत्या सोडायच्या ते स्वतः उचलून द्यायचं. हातात धरून द्यावी लागली की चिठ्ठी जड होते. मुलं आधी दूरच्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या देऊन बघतात, मग जयसिंहांचा गट कोंढाण्यावर बोट ठेवतो आणि तिथून खरी बोलणी सुरू होतात. प्रत्यक्ष तहात तेवीस किल्ले गेले आणि बारा राहिले. गेलेल्यांचं उत्पन्न चार लाख होन, राहिलेल्यांचं एक लाख. म्हणजे किल्ले दोन तृतीयांश गेले, उत्पन्न मात्र पाचातले चार भाग. हा हिशेब मुलांनी चौथ्या तासिकेत मांडायचा, तोपर्यंत आकडे सांगू नका.

---

साधनचिकित्सा

कार्ड उत्तम आहे. उताऱ्यांबद्दल मात्र सावध राहायला हवं, कारण या पद्धतीत सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. शिक्षक लोकप्रिय चरित्रातला किंवा कादंबरीतला संवाद उचलून 'मूळ साधन' म्हणून कार्डावर टाकतात, आणि पुढे मुलं तेच वाक्य त्या व्यक्तीचं म्हणून उत्तरपत्रिकेत लिहितात.

प्रत्येक उताऱ्याच्या वर तीन गोष्टी छापा: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, लिहिणारा तिथे होता का. पुरंदरच्या बाबतीत जयसिंहांची स्वतःची फारसी पत्रं आहेत, ती त्याच महिन्यांतली. त्यांच्या छावणीत इटालियन प्रवासी मनुची होता, पण त्याने आठवणी लिहिल्या बऱ्याच उशिरा. सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची, म्हणजे घटनेनंतर तीस वर्षांनी. तिघांचे चार-चार ओळींचे उतारे तीन वेगळ्या रंगांच्या कागदावर द्या. पुरावेवाल्या विद्यार्थ्याने उतारा वाचताना आधी त्याचं वय सांगायचं: 'हे त्याच महिन्यातलं पत्र आहे' किंवा 'हे तीस वर्षांनंतरचं आहे'. समोरच्या गटाला त्यावर हरकत घेता येते. एकदा हा नियम लावला की साधनांची पारख हा रुक्ष धडा आपोआप भांडणाचा मुद्दा होतो.

भूमिका रंगवताना मुलं नवी वाक्यं रचणारच, त्यात गैर काही नाही. पण चिटणीसाने नोंदवहीत प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करायची: 'सा' म्हणजे साधनातून, 'क' म्हणजे कल्पनेतून. चर्चेच्या तासिकेत 'क' च्या ओळी वाचून त्या शक्य होत्या का ते ठरवायचं. ही खूण नसेल तर दोन आठवड्यांनी कल्पना कुठली आणि माहिती कुठली हे कोणालाच सांगता येत नाही.

उतारे फार अवघड ठेवू नका. संविधान सभेच्या चर्चा शब्दशः छापलेल्या आहेत म्हणून शिक्षक अख्खं भाषण देतात. शंभर-सव्वाशे शब्दांचा तुकडा सोप्या मराठीत करून द्या, त्याहून जास्त नको. १३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी मांडलेला उद्दिष्टांचा ठराव, तो पुढे ढकलावा अशी जयकरांची उपसूचना, आणि १७ डिसेंबरचं डॉ. आंबेडकरांचं भाषण, एवढे तीन तुकडे पुरेसे आहेत. ठराव शेवटी २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. मुलांना वाटतं, सगळ्यांनी लगेच हात वर केले असतील. मुस्लिम लीगचे सदस्य गैरहजर असताना ठराव घाईने मंजूर करावा का, हा तेव्हाचा खरा पेच होता.

---

रंगपट

नाट्याच्या बाजूने काही गोष्टी.

पोशाख नको. गळ्यात अडकवायची जाड कागदाची पाटी, त्यावर नाव आणि तारीख, एवढंच. पाटी गळ्यात असेतो भूमिका, पाटी काढली की आपण. पोशाख आला की मुलांचं लक्ष आरशाकडे जातं, खर्च पालकांवर पडतो आणि दाढी-टिळा-टोपीवरून नको ती चेष्टा सुरू होते. परक्या माणसाची बोली किंवा उच्चार नक्कल करून दाखवायला सुरुवातीलाच मनाई करा. इंग्रज अधिकारी मोडकं मराठी बोलू लागला की वर्ग हसतो आणि मुद्दा हरवतो.

बसण्याची रचना सत्ता दाखवते, ती फुकट घालवू नका. पुरंदरच्या बैठकीत शिवाजीराजांच्या गटाला दाराजवळची जागा, जयसिंहांना आतली. हंटर आयोगात तीन सदस्य टेबलामागे बसलेले आणि साक्षीदार समोर. जागा बदलून पुन्हा पाच मिनिटं बोलायला लावा, आवाज बदललेला ऐकू येतो.

शिक्षकाने भूमिका घ्यायचीच असेल तर राजाची घेऊ नये. डोरोथी हीथकोट या ब्रिटिश नाट्यशिक्षिकेने शिक्षकाने स्वतः भूमिकेत उतरण्याची पद्धत रुजवली. तिथेही शिक्षकाने हुकूम सोडणारी भूमिका घेतली की मुलं ऐकत बसतात. जासूद व्हा, कारकून व्हा, थकलेला निरोप्या व्हा. 'महाराज, मला एवढंच सांगायला पाठवलंय, पुढचं मला माहीत नाही' असं म्हटलं की विचार करणं मुलांवर येतं. शिवाय जासूदाला हवी तेव्हा नवी बातमी आणता येते, म्हणजे खेळाचा वेग तुमच्या हाती राहतो.

एकच तासिका असेल तर प्रश्नांची खुर्ची. एक विद्यार्थी खुर्चीत, मागे दोन मदतनीस, वर्ग आठ मिनिटं प्रश्न विचारतो. १८८२ साठी ही रचना फार चांगली. आयोगापुढे महात्मा फुल्यांचं निवेदन आहे, पंडिता रमाबाईंची साक्ष आहे. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करावं, ही फुल्यांची मागणी. आयोग-सदस्यांनी विचारायचं: पैसा कुठून आणणार? शिक्षक कोण असतील? 'शिक्षण का महत्त्वाचं' असले गुळमुळीत प्रश्न गाळून टाका. प्रश्न आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून घ्या, त्यातले दहा तुम्ही निवडा.

---

खडू_फळा

सगळं वाचलं, मेहनत दिसते. पण मूळ शंका तशीच राहते. मुलांनी वेगळाच तह केला, पुरंदर दिलाच नाही, किंवा संविधान सभेने ठराव फेटाळला, तर परीक्षेत ते काय लिहिणार? चार तासिका घालवून चुकीचा इतिहास डोक्यात बसला तर तो काढायला आणखी दोन लागतील. सरळ शिकवलं असतं तर एका तासिकेत झालं असतं.

---

दौत

शंका अगदी रास्त आहे. निकाल वेगळा लागणार हे धरूनच चालायचं. खेळ इतिहासाच्या शेवटाकडे ढकलायचा नाही. ढकलला की मुलांना ते लगेच कळतं आणि ती अंदाज बांधत बसतात की शिक्षकांना काय हवंय.

वेगळा निकाल हीच चौथ्या तासिकेची सामग्री, आणि ती तासिका अशी चालते. आधी पाट्या काढायच्या, प्रत्येकाने आपलं स्वतःचं नाव सांगून भूमिकेतला एक निर्णय सांगायचा: 'जयसिंहांनी पाच किल्ले मागितले'. 'मी मागितले' म्हणायचं नाही. वर्ग मोठा असेल तर गटातल्या एकाने. मग पाच मिनिटं पूर्ण शांततेत लिखाण: आपल्या बैठकीत काय ठरलं आणि का. यानंतरच प्रत्यक्ष काय घडलं ते सांगा. आधी सांगितलं तर मुलं लिहिताना खऱ्या शेवटाला साजेसं लिहितात. मग फळ्यावर तीन रकाने: आपल्या वर्गात, प्रत्यक्षात, फरक का पडला.

तिसऱ्या रकान्यात साधारण तीनच प्रकारची उत्तरं येतात. माहिती वेगळी होती, ताकद वेगळी होती, किंवा वेळ आणि भीती वर्गात नव्हती. पुरंदरमध्ये वर्गातले शिवाजीराजे सहसा आठ-दहा किल्ल्यांवर अडून बसतात, कारण वर्गात कोणाचा जीव धोक्यात नसतो. पुरंदरवर मराठा सरदारांची कुटुंबं आश्रयाला होती, किल्ला पडला तर त्यांचं काय होणार हा प्रश्न होता. फरकाचं हे कारण मुलांनी शोधून काढलं की तेवीस हा आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही. पुढच्या वेळी हा दबाव खेळातच आणता येतो: दर पाच मिनिटांनी जासूद येऊन सांगतो की आणखी एक बुरूज ढासळला.

परीक्षेसाठी शेवटची दहा मिनिटं राखा. 'प्रत्यक्षात' हा रकाना प्रत्येकाने वहीत तारखेसह उतरवायचा, त्याभोवती चौकट करायची, आणि तो शिक्षकाने तपासायचा. चुकीचा इतिहास डोक्यात राहतो तो हे न केल्यामुळे.

खरी चूक निकालात होत नाही, काळाच्या विसंगतीत होते. तिचं ठळक उदाहरण १७८९ चं. इस्टेट्स-जनरल वर्गात उभी केली की पाचव्या मिनिटाला कोणीतरी ओरडतं, 'राजाला हटवा, प्रजासत्ताक आणा'. ५ मे १७८९ ला व्हर्सायमध्ये जमलेल्यांपैकी असं म्हणणारं जवळपास कोणी नव्हतं. राजेशाही गेली ती सप्टेंबर १७९२ मध्ये. लोकांची गाऱ्हाणी करांवर होती, जमीनदारांच्या हक्कांवर होती, राजाकडून त्यांना आशा होती. म्हणून तिसऱ्या इस्टेटच्या, म्हणजे सामान्य लोकांच्या कार्डावर स्पष्ट लिहा: 'राजावर तुमचा विश्वास आहे, तो वाईट सल्लागारांत अडकला आहे असं तुम्हाला वाटतं.' पहिल्या तासिकेत प्रत्येक गटाने गाऱ्हाण्यांची वही लिहायची, कारण तेव्हाही गावोगाव अशा वह्या लिहिल्या गेल्या होत्या. मतदान आधी इस्टेटनुसार घ्या, एका इस्टेटला एक मत. निम्मा वर्ग तिसऱ्या इस्टेटमध्ये असतो आणि तरी दोन विरुद्ध एक असा हरतो. पुढची सात मिनिटं फक्त ऐका. १७ जूनला तिसऱ्या इस्टेटने स्वतःला राष्ट्रीय सभा का म्हणवलं, यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही.

---

निळी_शाई

काय करू नये यावर आतापर्यंत कोणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

ज्या प्रसंगात एका माणसाने दुसऱ्याचा अपमान किंवा छळ केला, तो प्रसंग अभिनयातून उभा करू नका. गुलामांचा लिलाव, छळछावणी, दंगल, फाळणीतली हिंसा, अस्पृश्यतेचा आचार, यातलं काहीही. अत्याचार करणाऱ्याची भूमिका करणारं मूल हसत सुटतं किंवा त्यात रमतं. सोसणाऱ्याची भूमिका ज्याच्या वाट्याला येते त्याच्या घरी कदाचित तेच घडून गेलेलं असतं. 'अनुभव दिला की समजेल' हा युक्तिवाद इथे टिकत नाही. जेन एलियट यांनी १९६८ मध्ये आयोवात डोळ्यांच्या रंगावरून वर्गाची विभागणी केली. रॉन जोन्स यांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हुकूमशाही समजावण्यासाठी वर्गात शिस्तीची चळवळ चालवली आणि ती काही दिवसांतच हाताबाहेर जाऊ लागली. दोन्ही ठिकाणी मुलं कोणाची भूमिका करत नव्हती, त्यांच्यावरच प्रयोग चालला होता. आपल्याला तो रस्ता नको.

विषय मात्र टाळायचा नाही. छळाचं दृश्य सोडून त्याच्या आजूबाजूचा निर्णय घ्या. महाडचं उदाहरण बघा. तळ्यावरचा २० मार्च १९२७ चा दिवस वर्गात उभा करू नये. पण सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये संमत झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तरी ते वापरता येत नव्हतं. वर्गाला चौकशी समिती करा. प्रश्न एकच: ठराव असून अंमल का झाला नाही? साक्षी अभिनयाने द्यायच्या नाहीत, चिठ्ठीवरून सरळ आवाजात वाचायच्या. सगळी मुलं समितीचे सदस्य, म्हणजे विरोधकांची भाषा कोणाच्याही तोंडी घालावी लागत नाही. शेवटी १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल ठेवा आणि दहा वर्षं का लागली यावर लिहायला लावा.

भूमिका वाटताना चिठ्ठ्या टाका. आडनाव, जात, धर्म, वर्ण, शरीरयष्टी पाहून भूमिका देणं पूर्ण बंद. मुलींना राज्यकर्त्यांच्या भूमिका आल्या पाहिजेत, मुलांना रमाबाईंची आली पाहिजे. कोणाला एखादी भूमिका नको असेल तर कारण न विचारता बदलून द्या. गटात चौघं असल्याने अदलाबदल कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

लोकांच्या मनात ज्यांना पूजनीय स्थान आहे त्यांच्या बाबतीत एक सोपी तोड आहे, रिकामी खुर्ची. मुख्य व्यक्तीची खुर्ची रिकामी ठेवायची, तिच्याभोवती सल्लागार बसतात आणि काय सल्ला द्यावा यावर वाद घालतात. निर्णय चिठ्ठीवर लिहून खुर्चीवर ठेवायचा. धर्मसंस्थापकांच्या भूमिका तर करायच्याच नाहीत.

ज्याने अप्रिय भूमिका केली त्याला पुढे महिनाभर त्याच नावाने हाक मारली जाते. त्यावर पाटी काढण्याचा विधी हाच उपाय आहे, आणि तो घाईत उरकू नये. पाट्या शिक्षकाने गोळा करायच्या, मुलांजवळ राहू द्यायच्या नाहीत.

---

पाचवा_तास

'त्या दिवशी काय माहीत नव्हतं' हे शिकवायला १९६२ च्या क्युबा पेचप्रसंगासारखा प्रसंग नाही, म्हणून थोडक्यात त्याची मांडणी.

पाच बंद पाकिटं करा, बाहेर तारखा. १६ ऑक्टोबर: क्युबातल्या क्षेपणास्त्रांची छायाचित्रं. २२: अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं जाहीर भाषण, नाकेबंदी होणार. २४: नाकेबंदी लागू. २६: सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं पहिलं पत्र, सूर मवाळ. २७: दुसरं पत्र, त्यात तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढण्याची मागणी, आणि त्याच दिवशी अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान पडल्याची बातमी. प्रत्येक पाकिटाला सहा मिनिटं. पाकीट उघडलं की वर्गातली सल्लागार समिती मत बदलते की नाही ते चिटणीस आकड्यात नोंदवतो: हवाई हल्ला, नाकेबंदी, बोलणी, काहीही नाही. दुसऱ्या पाकिटापासून प्रत्यक्ष निर्णय मुलांना दिसतो, म्हणून तिथून पुढे प्रश्न 'आता पुढचं पाऊल काय' असा ठेवा. सहा मिनिटं कमी वाटतात आणि ती कमीच ठेवायची, मुलांनी वेळ मागितला तरी वाढवू नका.

सहावं पाकीट चर्चेच्या तासिकेत उघडायचं. त्यात अमेरिकेला तेव्हा माहीत नसलेलं: क्युबात कमी पल्ल्याची अण्वस्त्रं आधीच पोचली होती, सोव्हिएत सैनिक चाळीस हजारांहून जास्त होते, आणि २७ तारखेला एका सोव्हिएत पाणबुडीवर अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काढण्याचं आश्वासन गुप्तपणे दिलं गेलं, तेही याच पाकिटात. हवाई हल्ल्याला मत दिलेल्यांना विचारा की हे ठाऊक असतं तर काय केलं असतं. 'तुम्ही चुकलात' असं म्हणायचं नाही, कारण त्यांच्यापुढच्या कागदांवरून तो निर्णयही त्या काळी अनेक अनुभवी लोकांनी सुचवला होता.

इथे हमखास बिघडणारी गोष्ट म्हणजे मुलांच्या खिशातले फोन. कोणीतरी शेवट शोधून सगळ्यांना सांगतं. तासिकेच्या आधी घटनेचं नाव सांगू नका, 'अमेरिका, १९६२' एवढंही पुष्कळ होतं.

---

तिसरा_बाक

खूप उपयोगी. शेवटचा प्रश्न गुणांचा. तोंडी परीक्षेसारखे गुण दिले तर धीट मुलंच पुढे जातात. आणि बैठकीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांचं काय?

---

साधनचिकित्सा

अभिनयाला शून्य गुण ठेवा आणि ते पहिल्याच दिवशी जाहीर करा. वीस गुणांची विभागणी: पुराव्याचा वापर आठ, त्या व्यक्तीच्या तेव्हाच्या माहितीत राहून विचार करणं पाच, समोरच्याच्या मुद्द्याला दिलेलं उत्तर तीन, चौथ्या तासिकेनंतरचं एका पानाचं लेखन चार. पहिले तीन भाग गटाच्या नोंदवहीतून तपासता येतात, कारण चिटणीसाने सगळं लिहिलेलं असतं. म्हणजे हळू आवाजात चिठ्ठी सरकवणाऱ्या सल्लागारालाही गुण मिळतात. चिठ्ठ्या फेकू नका, नोंदवहीत चिकटवायला सांगा. लेखनाचे चार गुण मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र.

लेखनाचा विषय 'मला काय वाटलं' असा देऊ नका, पानभर कौतुक येतं. 'आपल्या बैठकीचा आणि प्रत्यक्षाचा एक फरक निवडा, तो का पडला ते दोन साधनांच्या आधारे लिहा' असा द्या.

---

दौत

गैरहजर विद्यार्थ्याला चिटणीसाची वही आणि दोन्ही बैठकांची बातमीपत्रं द्या. त्याने इतिहासकार व्हायचं: दोन बातमीपत्रं आणि एक वही यांत कुठे विसंगती आहे ते शोधून, बैठकीत खरं काय झालं याचा अर्ध्या पानाचा वृत्तान्त लिहायचा, आणि कोणत्या नोंदीवर का विश्वास ठेवला ते खाली सांगायचं. त्यासाठी बैठक संपल्याबरोबर वह्या गोळा करून घ्याव्या लागतात. घरी गेल्या की मुलं त्या सुधारून आणतात.

वह्या वर्षभर जपून ठेवा. पुढच्या तुकडीला त्याच प्रसंगाची भूमिका देण्याआधी मात्र दाखवू नका, त्यांची चौथी तासिका झाल्यावर द्या.